बिनखिळ्यांची फळी

श्रावणभाऊ पौनीकर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी तिथल्या टेबलावरून, टेबल नसेल तर दाराच्या फळीवरून, उजव्या हाताची चार बोटं सावकाश फिरवत. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या ढोलकवाल्याचे वडील वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. आत रडारड चालली होती. श्रावणभाऊंनी हात जोडले, मान खाली घातली, आणि मान खाली गेल्यामुळे त्यांना समोरचा पाट दिसला. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली. मग डोळे पुसणाऱ्या ढोलकवाल्याकडं वळून अगदी हळू विचारलं, "रंधा कोनं मारला गा याच्यावर?"

"बाबानंच," ढोलकवाला हुंदका आवरत म्हणाला.

"मंग मोठा मानूस गेला," श्रावणभाऊ म्हणाले.

त्या घरात त्या दिवशी सांत्वनाची बरीच वाक्यं बोलली गेली. त्यातलं खरं वाटावं असं तेवढं एकच होतं.

श्रावणभाऊ इतवारीतल्या एका आतल्या गल्लीत कॅरम बोर्ड बनवत आणि संध्याकाळी ग्रँड त्रिभुवन ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत. मी त्या ऑर्केस्ट्राचा निवेदक होतो. दिवसा एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवायचे आणि संध्याकाळी "सुरांच्या या चांदण्या महालात आपलं सहर्ष स्वागत" असं म्हणायचं, असा माझा दिनक्रम होता. दोन्ही कामांत माझ्याकडं कुणाचं लक्ष नसे, त्यामुळं मला इतरांकडं लक्ष द्यायला भरपूर वेळ मिळाला. श्रावणभाऊ मला "लायबरी" म्हणत.

ऑर्केस्ट्राचं 'ग्रँड' हे विशेषण आणि 'त्रिभुवन' हा विस्तार, दोन्ही दिनकरराव धोट्यांचे. सक्करदऱ्याला त्यांचं बिछायत केंद्र होतं. खुर्च्या त्यांच्या, मंडप त्यांचा, माइक त्यांचा. तेव्हा गळाही त्यांचाच असणं ओघानं आलं. पोस्टरवर त्यांचं नाव 'दिनेशकुमार, विदर्भाचा स्वर्णकंठ' असं असे. आवाज गोड होता, आणि ते स्वतःच ही गोष्ट सांगत असल्यामुळं दुसऱ्या कुणावर ती सांगायची वेळ येत नसे. त्यांनी एकदा श्रावणभाऊंचंही पोस्टरवर 'श्रावणकुमार' करून टाकलं. पहिल्याच कार्यक्रमात मी ते नाव पुकारलं तेव्हा मागून कुणी तरी ओरडलं, "कावड कुठी हाय बे?" दुसऱ्या पोस्टरवर ते पुन्हा पौनीकर झाले.

दिनकरराव आणि श्रावणभाऊ यांच्यात मी पाहिला तेवढा सगळा काळ एकच भांडण चाललं. दिनकरराव म्हणत, गिटारला खिळे बसव. श्रावणभाऊ म्हणत, नाही. दोघं ज्यांना खिळे म्हणत ते खिळे नव्हते, आणि भांडणाचं मूळ तिथंच होतं.

सत्तर साल उजाडायच्या थोडं आधी अजनीच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन गार्ड घरदार आवरून ऑस्ट्रेलियाला निघाला. श्रावणभाऊ त्याचं सागवानी टेबल घ्यायला गेले. टेबलाखाली एक बेस गिटार होती. गार्डनं तीही देऊन टाकली. ऑस्ट्रेलियात गिटारी असतात असं त्यानं ऐकलं होतं. श्रावणभाऊंनी ती घरी आणली आणि नेमाप्रमाणं तिच्या मानेवरून बोटं फिरवली. बोटं अडली.

गिटारच्या मानेवर, तारांच्या खाली, एक फळी असते. त्या फळीत ठरावीक अंतरावर आडव्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. सतारीवाले त्यांना पडदे म्हणतात. पडद्याच्या मागं बोट दाबलं की सूर आपोआप नेमक्या जागी येतो; वाजवणाऱ्याला तो शोधत बसावं लागत नाही. पण हे ज्याला कुणी सांगितलं असेल त्याला ठाऊक. ज्या माणसानं आयुष्यभर कॅरम बोर्ड घासले त्याच्या दृष्टीनं गुळगुळीत फळीच्या वर आलेली कोणतीही वस्तू हा खिळा असतो आणि वर आलेला खिळा हा कारागिराचा गुन्हा असतो. गोऱ्या माणसानं फळी अर्धवट सोडली, असं श्रावणभाऊंना वाटलं. दया येऊन त्यांनी पक्कड घेतली, वीसच्या वीस पडदे उपटले, खाचांत लाख भरली, काचकागद मारला, पॉलिश केलं, वर बोरिक पावडर टाकली आणि स्ट्रायकर सोडून पाहिला. तो मानेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. फळी पूर्ण झाली.

मग तारा चढवून ते त्या फळीवर स्वतःच सूर शोधत बसले. वर्षभरात सापडले. गिटार अशीच वाजवायची असते याविषयी त्यांना शंका नव्हती.

ती शंका ते आमच्या ऑर्केस्ट्रात आल्यावर निघाली. आमचा अकॉर्डियनवाला जैस्वाल, माणूस गांधीबागेतला, हिंदी बोलणारा आणि सुराच्या बाबतीत फार खवट. पहिल्याच तालमीत त्यानं गिटारकडं पाहिलं आणि बाजा मांडीवरून खाली ठेवला.

"पौनीकर भैया, इसके परदे किधर गये?"

"डब्यात हायेत," श्रावणभाऊ म्हणाले. "तुमाले पाह्यजे काय?"

त्यांना सगळं समजावून सांगण्यात आलं. त्यांनी शांतपणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे आंधळ्याच्या काठीसारखं हाय ते. मले दिसते."

दिनकररावांना मात्र ते पटणं शक्य नव्हतं. 'ग्रँड' नावाच्या ऑर्केस्ट्रात अर्धवट गिटार, हा त्यांना मंडपाला ठिगळ लावल्यासारखा अपमान वाटे. प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला ते निर्वाणीचा इशारा देत आणि सीझन सुरू झाला की विसरत, कारण दुसरा बेसवाला नागपुरात मिळत नव्हता. श्रावणभाऊंची अडचण उलट बाजूनं तेवढीच मोठी होती. दुसरा कोणताही ऑर्केस्ट्रा त्यांना त्या गिटारसकट स्टेजवर चढू देणार नव्हता. एकदा शारजाला कार्यक्रम नेणाऱ्या एका पार्टीनं त्यांना विचारलं होतं. गिटार पाहिल्यावर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. त्यांचं वाजवणं राहायचं तर ते आमच्याचकडं राहणार होतं, आणि फळी सपाट राहिली तरच ते वाजवणार होते.

पुढं अडचण अशी आली की बेसच्या तारा लोखंडी. वर्ष-दीड वर्षात त्यांनी लाकडात नाल्या पाडल्या. श्रावणभाऊंना अख्ख्या जगात एक गोष्ट सहन होत नसे ती म्हणजे फळीत नाली. मग ते तारांना पुरून उरेल अशा फळीच्या शोधाला लागले आणि पुढची दहा वर्षं त्या शोधातच गेली.

आधी सनमायका आली. बंद पडलेल्या एका हॉटेलच्या काउंटरची, गुलाबी, वर फुलांची नक्षी. ती त्यांनी कापून मानेवर चिकटवली. पडदे नसल्यामुळं सूर कुठं आहे याच्या खुणा लागतात. त्या फुलांनी भागल्या. सा गुलाबावर, म पानावर, वरचा सा कळीवर. तालमीत दिनकरराव म्हणत, "श्रावण, मध्यमावर ये," आणि श्रावणभाऊ म्हणत, "पानावरच हाओ जी." पण सनमायकावर आवाज कोरडा येई. "गादीवर नारळ पडल्यावानी," असं त्यांचं मत होतं. म्हणून ती काढून शाळेच्या पाटीचा दगड बसवला. दगडाचा आवाज त्यांना पसंत पडला. शिवाय त्यावर पेन्सिलनं गाण्यांची यादी लिहिता येई. तिसऱ्या गाण्यापर्यंत घामानं यादी पुसली जाई आणि पुढं ते आम्हाला विचारत. पाटी एका लग्नात टेम्पोतून उतरवताना फुटली.

मग एका दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तर त्यांच्या बायको कमलाबाई हातात कुंकवाचा करंडा घेऊन लोखंडी आलमारीसमोर उभ्या होत्या. आलमारीच्या दारावर आरशाच्या जागी फक्त चौकट होती.

"आहो," त्यांनी आतल्या खोलीकडं पाहून विचारलं, "आरसा कुठी गेला?"

आतून उत्तर आलं, "वाजून राह्यला वं."

खरोखरच वाजत होता. श्रावणभाऊंनी आरशाची लांब पट्टी कापून मानेवर बसवली होती. काचेवर बोट लोण्यासारखं सरके आणि सूर बराच वेळ टिके. "आता हात कुठीच अडत नाई," ते मला म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कॅरमची क्वीन घेतानाही पाहिला नव्हता. कमलाबाई करंडा घेऊन बाहेर आल्या आणि गिटारच्या मानेत पाहून कुंकू लावून गेल्या.

त्याच आठवड्यात एका संस्थेच्या वर्धापनदिनाला आमचा कार्यक्रम होता आणि प्रमुख पाहुणे म्हणून एक राज्यमंत्री येणार होते. गाण्यांच्या आधी त्यांचं भाषण. मी त्यांची ओळख करून दिली, म्हणजे एका माणसात न मावणारे गुण एका वाक्यात कोंबले. पाहुणे उठले. मागं वादक आपापल्या जागी बसून होते. दुसऱ्याचं भाषण चालू असताना गिटारचा आवाज बंद करून नुसती बोटं चालवत राहायची श्रावणभाऊंची सवय होती, आणि बोटांबरोबर गिटारची मानही वरखाली होई. स्टेजच्या कडेला जैस्वालच्या मागं फ्लडलाइट होता. पहिल्या मिनिटातच त्याचा झोत आरशावर पडला आणि तिथून पाहुण्यांच्या गालावर.

पाहुणे थांबले. त्यांनी फ्लॅश आला त्या दिशेला अर्धवट वळून मंद स्मित केलं. मग पुढं बोलू लागले. पुन्हा उजेड. पुन्हा स्मित, या वेळी उजवा हात किंचित वर. शहरातले झाडून सगळे फोटोग्राफर आज आपल्यासाठी आले आहेत असा त्यांचा ग्रह झाला. श्रावणभाऊ मनातल्या मनात एक द्रुत लयीतलं गाणं वाजवत होते, त्यामुळं उजेड फार भराभर येऊ लागला. पाच मिनिटांसाठी उभा राहिलेला माणूस तासभर बोलला. विदर्भाचा विकास, कापूस, संत्री, तरुण पिढी, सगळं झालं. शेवटी त्यांनी समोरच्या एका लहान मुलाला उचलून घेतलं. ते मूल कुणाचं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. ते रडत होतं आणि पाहुणे हसत होते. माझ्या शेजारी दिनकरराव कुजबुजले, "पाय गा, काय जोश हाय मानसात."

पुढं दोन वर्षं त्या पाहुण्यांच्या कचेरीतून फोटोंसाठी पत्रं येत राहिली. दिनकररावांनी पहिल्या पत्राला उत्तर दिलं की फोटो धुवायला टाकले आहेत. दुसऱ्यानंतर त्यांना कारण कळलं. तिसऱ्या पत्राच्या दिवशी त्यांनी आरसा काढायला लावला.

आता उरली तेंदू. तेंदूची पानं विडीला जातात हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. पण म्हाताऱ्या झाडाचा गाभा कोळशासारखा काळा आणि लोखंडासारखा कठीण निघतो हे फार थोड्यांना. श्रावणभाऊंनी भंडाऱ्याकडच्या मेव्हण्याकडून असा गाभा आणवला, तो घासायला दोन महिने घेतले आणि कॅरमवाल्यांच्या परंपरेनं सरस लावून मानेवर चिकटवला. ही फळी फार सुंदर होती. जैस्वालनंही तिच्यावरून एकदा बोट फिरवलं आणि "हं" म्हणाला. जैस्वालकडून "हं" मिळणं म्हणजे दुसऱ्या कुणाकडून शाल-श्रीफळ.

तो मे महिना होता. वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं मुलीच्या लग्नाचा सोहळा आपल्याच गोडाऊनमध्ये ठेवला होता. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. आत त्यानं स्टेजच्या दोन्ही बाजूंना ट्रकच्या केबिनएवढे दोन कूलर लावले होते. नागपुरात मे महिन्यात कूलरसमोरची जागा मिळते ती भांडून किंवा मानानं. श्रावणभाऊंना ती मानानं मिळाली. खसाच्या वासाचा ओला वारा त्यांच्या डाव्या अंगावर, म्हणजे गिटारच्या मानेवर, सरळ येत होता. सरसाला ओल चालत नाही हे नागपूरभर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आपल्या दुकानात त्यांनी म्हणूनच कधी कूलर लावला नव्हता. पण गार वारा अंगावर आला की माणसाला शास्त्र आठवत नाही.

चौथ्या गाण्यात फळीचं टोक पापडासारखं उचललं. श्रावणभाऊंनी ते अंगठ्यानं दाबलं आणि उरलेल्या बोटांनी वाजवत राहिले. पाचव्यात दुसरी बाजू सुटली. त्यांनी मान छातीशी धरली. सहाव्या गाण्याच्या मधोमध ती फळी तारांखालून अलगद बाहेर आली, आणि त्यांनी ताल न चुकवता ती शेजारी जैस्वालच्या मांडीवर ठेवली. जैस्वालचे दोन्ही हात बाजावर होते. तो पूर्ण अंतरा मांडीवर फळी घेऊन वाजवत होता आणि श्रावणभाऊ उघड्या मानेवर. व्याही मंडळींना वाटलं अशीच पद्धत असेल. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं फळी पाहायला मागितली आणि ती पंगतीतून हातोहात फिरून आली.

दिनकररावांना वाटेतच राग अनावर झाला. टेम्पोत सगळ्यांसमोर ते म्हणाले, "पाय श्रावण, आता हद झाली. फळी परत लाव, पन खिळे ठोकून लाव. नाई तं तू तुह्या घरी अन् मी माह्या. या बारीनं मी भुलनार नाई." आणि ते खरंच विसरणार नव्हते, कारण आता एक बेसवाला मिळत होता. वाडीतल्याच एका गॅरेजवाल्याचा भाऊ, त्याच्याकडं पडदेवाली नवी कोरी गिटार होती, आणि तो त्या लग्नात दिनकररावांच्या पाया पडून गेला होता.

श्रावणभाऊंनी मांडीवरच्या सुट्या फळीवरून एकदा बोटं फिरवली. मग म्हणाले, "कोन्या सुरावर ठोकू?"

"कोन्या म्हंजे? सुरावर ठोक. बरोबर सुरावर."

"तुमच्या?"

"मंग का जैस्वालच्या?" दिनकरराव म्हणाले. "गात कोन हाय इथी?"

पुढचे तीन आठवडे श्रावणभाऊ तालमीला सुताराची पेन्सिल कानावर लावून येत. दिनकरराव गाऊ लागले की ते त्यांच्या अगदी जवळ बसत, तार दाबून बोट हळूहळू सरकवत, एका जागी थांबत आणि त्या जागी रेघ मारत. "पुन्हा घ्या जी वरचा सा," असं म्हणत. दिनकररावांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते पाच-पाच वेळा घेत. एक माणूस आपला आवाज लाकडात उतरवून घेत आहे, या कल्पनेनं ते इतके सुखावले की त्या तीन आठवड्यांत त्यांनी श्रावणभाऊंना मालकाच्या खुर्चीवर बसवलं. मी एकदा एकांतात श्रावणभाऊंना विचारलं, "वाईट वाटतं का हो?"

"वाईट काहाचं, लायबरी. पन खिळा ठोकला का मंग एकाच घरी राहा लागते."

मला त्याचा अर्थ लागला नाही. मी ते एखाद्या कार्यक्रमात वापरावं म्हणून लिहून ठेवलं.

पडदे बसले. कार्यक्रम झाला. दिनकरराव त्या दिवशी जसे गायले तसे पूर्वी कधी गायले नव्हते, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. "आज पह्यल्यांदा गिटार माह्यासंगं होती," ते म्हणाले. जैस्वाल मात्र घामाघूम होता. "उस्ताद, गिटार बेसुरी है."

"गिटार बराबर है. तू बेसुरा है."

"मेरा बाजा बेसुरा कैसे होगा? उसमें तो कारखाने से ही सुर आता है."

"मंग कारखाना बेसुरा हाय!"

हा वाद मिटवायला दिनकररावांनी दुसऱ्या दिवशी टेप लावला. कार्यक्रम रेकॉर्ड करण्याची त्यांची पद्धत होती, ऐकण्याची नव्हती. आम्ही बिछायत केंद्रात रचलेल्या गाद्यांच्या थप्प्यांवर बसलो. टेप फिरू लागला. एका बाजूला जैस्वालचा बाजा, सतार आणि दोन व्हायोलिनं एका सुरात चालली होती. दुसऱ्या बाजूला, त्यांच्यापासून थोडं खाली, दिनकररावांचा आवाज आणि श्रावणभाऊंची गिटार, ही दोघं एका सुरात चालली होती. रस्त्याच्या दोन बाजूंनी चाललेल्या दोन वराती असाव्यात तसं. पडदा जितका वरचा, तितकं अंतर जास्त.

हे इतकी वर्षं आमच्यातल्या एकाला, फक्त एकाला, ऐकू येत होतं.

टेप संपला. दिनकररावांनी तो उलटवला नाही. ते म्हणाले, "मी असाच गातो?"

जैस्वाल गादीचा एक सुटलेला दोरा ओढू लागला. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस, टेपच्या खोक्यावरची अक्षरं वाचू लागलो.

"पह्यलेपासून?"

"हाव," श्रावणभाऊ म्हणाले. आवाजात आरोप नव्हता; लाकडाची जात विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं.

"मंग आतापर्यंत कसं काय निभलं?"

श्रावणभाऊंनी डाव्या हाताचं बोट हवेत इकडून तिकडं सरकवलं. "तुमी खाली रायले का मी अर्धा खाली ये. अर्धा जैस्वालकडं राहो. लोकायले वाटे सारे एकाच घरचे हायेत. आता खिळे ठोकले. खिळ्याले सरकता येत नाई. तुमी म्हनले तुमच्या सुरावर ठोक. ठोकले."

दिनकरराव उठले. वाटलं, आता गाद्यांची थप्पी अंगावर येते. ते कोपऱ्यातल्या मंडपाच्या सामानापाशी गेले, तिथल्या पेटीत खुडबुड करून एक मोठी पक्कड काढली आणि श्रावणभाऊंच्या पुढ्यात ठेवली.

"काढ," ते म्हणाले.

मग दोघांसाठी चहा सांगितला. आमच्यासाठी सांगितला नाही.

पडदे निघाले. खाचांत भरायला मात्र दिनकररावांनी पांढरट लाकडाच्या पट्ट्या घालायला लावल्या आणि त्यांना सोनेरी रंग देववला, म्हणजे पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना लांबून पडदे आहेत असं वाटावं. श्रावणभाऊंची त्याला हरकत नव्हती. बोट अडत नव्हतं. "मंदिराचा कळस पन असाच असते," एवढंच ते म्हणाले. गॅरेजवाल्याचा भाऊ पुन्हा पाया पडायला आला तेव्हा दिनकररावांनी त्याला आशीर्वाद दिला आणि खुर्च्या मोजायचं काम दिलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी कॉलेजात आलेल्या एका परदेशी मासिकात मी वाचलं की पाश्चात्त्य देशांत आता मोठमोठे वादक बेस गिटारचे पडदे मुद्दाम काढून टाकतात आणि त्यावर जहाजाला लावायचं वार्निश देतात. मी धावत इतवारीत जाऊन श्रावणभाऊंना ते वाचून दाखवलं. त्यांनी घासणं न थांबवता ऐकलं.

"त्याईच्याकडं क्यारम खेळतेत काय?"

"माहीत नाही."

"खेळत असतीन," ते म्हणाले.

त्यांना मी शेवटचं वाजवताना पाहिलं ते सावनेरला. बाजाराच्या मैदानावर दिवसाउजेडीच कार्यक्रम होता. दिनकरराव छातीच्या दुखण्यातून नुकते उठले होते. डॉक्टरांनी गायला मनाई केली होती आणि घरच्यांनी सावनेरला जायलाच. ते दोन्ही मोडून आले होते आणि एकच गाणं म्हणणार होते. मी त्यांचं नाव पुकारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या नावाला एकही विशेषण लावलं नाही, कारण त्यांना माइकपर्यंत चालत येताना पाहून मला एकही आठवेना.

पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात आवाज बसू लागला. नेहमीसारखा वरच्या सुराला थोडा कमी पडला असं नव्हे. तो सबंधच खाली उतरत होता, विहिरीत सोडलेल्या दोरासारखा. जैस्वालनं माझ्याकडं पाहिलं, बाजा मिटला आणि हात मांडीवर ठेवले. व्हायोलिनं थांबली. सतार थांबली. ढोलक चालू राहिला, कारण ढोलकाला कुणाच्या सुराशी देणंघेणं नसतं. आणि गिटार चालू राहिली. श्रावणभाऊ फळीकडं पाहत नव्हते. त्यांची नजर दिनकररावांच्या गळ्यावर होती, तिथं हाडाशेजारी एक शीर हलत होती तिच्यावर. शीर हलली की बोट सरके. आता अर्धं इकडं अर्धं तिकडं असं काही उरलं नव्हतं; दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतंच. गाणं सुरू झालं तिथून पुरा दीड सूर खाली येऊन ते दोघं शेवटच्या ओळीवर पोचले आणि एकदमच थांबले. लोकांना वाटलं असं बसवलंय. टाळ्या बऱ्या पडल्या.

मी पुढचं गाणं पुकारायला हवं होतं. दिनकरराव माइकवरून हलले नव्हते. मग ते सावकाश मागं वळले आणि श्रावणभाऊंच्या स्टुलापाशी आले.

"कुठी होतो गा मी?"

श्रावणभाऊंनी डावा हात अजून मानेवरून काढला नव्हता. "इथी," ते म्हणाले.

दिनकररावांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि गुडघ्यावर हात टेकून वाकले. प्लॉट पाहायला आलेला माणूस पाहतो तशी त्यांनी ती जागा निरखून पाहिली. "एवढ्या खाली?"

"हाव."

"अन् तू?"

"मी बी इथीच ना जी," श्रावणभाऊ म्हणाले, आणि दिनकररावांना नीट दिसावं म्हणून त्यांनी गिटार थोडी उजेडाकडं वळवली. बोट मात्र उचललं नाही.